शिदोरीवाले भाऊजी

आमच्या भाऊजींना वास यायचा. ताई हे वाचणार आहे, तरी लिहितो, कारण त्या वासाशिवाय भाऊजी सांगताच यायचे नाहीत. अर्धा वास स्पिरिटचा, अर्धा आंबट, व्हिनेगरसारखा. लग्नानंतर पहिल्यांदा जावई म्हणून मूर्तिजापूरजवळच्या आमच्या शेतातल्या घरी मुक्कामाला आले, आणि सकाळी चहा होताच शर्टाच्या खिशात एक छोटी बाटली घालून बांधाकडे निघून गेले. दहाच्या सुमाराला परतले ते चेहरा उजळलेला, डोळे चमकताहेत आणि अंगाला तो वास. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, एकदा खोल श्वास घेतला आणि पेपर पुन्हा वर केला. जावयाला तोंडावर काही बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. जावयाला जे बोलायचं असतं ते मुलाला बोलतात.

मला गोठ्यामागं नेऊन बाबा म्हणाले, "सकायी सकायीच घेते वाट्टे हा मानूस. पाह्य जरा, कोनती बाटली हाये ते."

मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसलो होतो. हेरगिरीला माझ्याइतका मोकळा माणूस घरात दुसरा नव्हता. खुंटीवरच्या शर्टातून बाटली काढली, बूच उघडलं. वास नाकात गेला आणि मला ठसका लागला. पण बाटलीत दारू नव्हती. म्हणजे होतीही, पण तिच्यात दहा-बारा बारक्या कळ्या तरंगत होत्या. बियाण्यासाठी सोडलेल्या आमच्या कांद्याच्या गोंड्यांतल्या कळ्या.

"पाहा, साळेबुवा, पण हालवू नका," मागून आवाज आला. भाऊजी दारात उभे. मी बाटली हातात घेऊन जसाच्या तसा राहिलो. चोर सापडला तरी त्यांच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता, उलट ऐकणारा सापडल्याचा आनंद होता. "कळीच्या आत सकायी आठ ते साडेनऊ लय धावपळ असते. एकाचे दोन, दोनाचे चार होऊन राह्यले असते. मी त्याईले तिथंच थांबवून ठेवलं. जो जिथं होता, तिथं."

मी जाऊन बाबांना सांगितलं, की जावई पीत नाहीत, कळ्यांना पाजतात. बाबांना ते पिणारे परवडले असते. "कळ्याईले?" ते बराच वेळ विचार करून म्हणाले. "म्हंजे भैताडच हाये." आणि तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं आमच्या घरात हा विषय वेडेपणाच्या याच निकालावर थांबलेला होता.

भाऊजी मूळचे परतवाड्याचे आणि नोकरीला अमरावतीला. एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. म्हणजे काचपट्ट्या धुवायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, सर आले की स्टूल सरकवायचं. नेमणूकपत्रावर एवढंच. पण त्या प्रयोगशाळेचं सगळं अडायचं ते भाऊजींच्या उजव्या अंगठ्यापाशी. हा अंगठा कायम लालसर असायचा. लग्नाच्या पंगतीत आमच्या एका मावशीनं त्यांना विचारलंही होतं, की जवाई, इकडे कोणतं मतदान झालं.

तो रंग पेशी रंगवायच्या औषधाचा. कळीतला कोवळा परागकोष काचपट्टीवर ठेवायचा, रंगाचा थेंब टाकायचा, सुईनं चेचायचा, वरून पातळ काच, दिव्यावर किंचित ऊब, आणि मग टिपकागदाखाली धरून अंगठ्यानं दाबायचं. सगळी विद्या त्या दाबण्यात. जास्त दाबलं की भुगा, कमी दाबलं की ढिगारा, आणि अंगठा जरा सरकला की आतली मंडळी एकमेकांवर चढून बसलेली. भाऊजी डोळे मिटून दाबायचे. एम.एस्सी.ची मुलं रांग लावून उभी राहायची, आणि भाऊजींच्या अंगठ्याखालून एकेकाची परीक्षा पास होऊन निघायची. त्यातली काही पुढे प्राध्यापक झाली, एकदोघं परदेशात गेली. भाऊजी त्यांची नावं आठवत नसत. "थो पांढऱ्या तेरड्यावाला," असं म्हणत. ज्याच्या पदवीसाठी ज्या फुलाची कळी तोडली, त्या फुलावरून माणूस लक्षात.

मला विज्ञानातलं काही कळत नाही, हे मी अकोल्यात जठारपेठेतल्या माझ्या झेरॉक्स आणि स्टेशनरीच्या दुकानाच्या काउंटरवर हात ठेवून सांगतो. तरीही पराग कसा तयार होतो हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, कारण भाऊजी ते जेवताना सांगायचे. शेजारच्या घरात काल काय झालं, अशा सुरात. फुलाच्या पुंकेसराच्या टोकाला चार खोल्यांचं घर. त्यात दाटीवाटीनं बसलेल्या मायपेशी. खोलीच्या आतल्या अंगाला एक भिंत, तिचं काम नुसतं पोसायचं. खाऊ घालायचं, पांघरूण घालायचं. पराग पिकला की ती भिंत विरून गेलेली असते.

"म्हंजे थे भिंत म्हंजे मी," आई भाकरी टाकता टाकता म्हणाली.

"तसंच काईसं, मामी," भाऊजी अगदी गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी ती भाकरी दोन्ही हातांनी घेतली.

मग मायपेशीचे चार होतात. चार दाणे, चौघांकडे निम्मी-निम्मी वाटणी. बहुतेक फुलांत ते चौघं एकमेकांना सोडून आपापल्या वाटेनं जातात. इथं भाऊजी थांबायचे, डोळे बारीक करायचे. "पन सीताफळात नाई. सीताफळाचे चौघं एकमेकाले धरूनच भाहेर पडते. उडाले तरी चौघं, चिकटले तरी चौघं." आम्ही भावंडंही चौघंच. थोरल्याशी माझा तेव्हा सहा महिने अबोला होता, त्यामुळे मी वरणात लक्ष घातलं.

पण त्यांच्या आवडीचा भाग याच्या पुढचा. प्रत्येक दाण्यात पुन्हा एक वाटणी होते, ती मात्र सारखी नसते. एक मोठी पेशी, आणि तिच्या पोटात बसलेली एक बारकी. मोठी रस्ता काढते. दाणा फुलाच्या मधल्या चिकट भागावर पडला, की ती नळी होऊन खाली उतरत जाते. बारकी तिच्या पोटात बसून प्रवास करते आणि तिचे पुन्हा दोन होतात. ज्वारीत हे दोघं घरातूनच तयार होऊन निघतात, सदाफुलीत वाटेत होतात. या दोघांसाठी सगळा खटाटोप. यातला एक जाऊन बीजाला भेटतो, त्याचं पोर होतं. आणि दुसरा?

हे विचारून भाऊजी खिशातून सीताफळाची काळी बी काढायचे. ती त्यांच्या खिशात असायचीच. अडकित्त्यानं उभी चिरायचे आणि पानाच्या कडेला ठेवायचे. "हे पाहा. हे पांढरं पांढरं सारं, हे दुसऱ्याचं काम. पोराची शिदोरी. अन् पोरगं कुठं हाये? हे टोकाले. तिळाएवढं." मग बोटानं त्या तिळाला स्पर्श न करता वरूनच दाखवायचे. "जग पोराचं नाव ठेवते. शिदोरीचं कोनी ठेवत नाई. पन थे नसली, तर पोरगं जमिनीतून डोकं वर काढत नाई." आणि एकदा, फक्त एकदा, बी खिशात टाकता टाकता म्हणाले, "मी दुसरा हाये, साळेबुवा. मले चालते."

मला तेव्हा त्यातलं काही उमगलं नाही. मी विचारलं, चिरलेली बी आता उगवेल का. भाऊजींनी ताक वाढायला सांगितलं.

आता सीताफळाची गोष्ट सांगायला हवी. आमच्या नाल्याकाठचं रान मुरमाड, तिथं कपाशी गुडघ्याच्या वर यायची नाही. तिथं सीताफळ लावा, असं भाऊजींनीच सुचवलं. बाबांनी ऐकलं, कारण जावयानं इतक्या वर्षांत काही मागितलंच नव्हतं. दीडशे झाडं लावली. चौथ्या वर्षी झाडं फुलांनी लगडली, आणि फळं आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाचव्या वर्षी तेच. सहाव्या वर्षी बाबा त्या रानाला 'जवाईचं बन' म्हणायला लागले. गावातलं कुणी विचारलं, यंदा नाल्याकाठी काय आहे, की बाबा म्हणायचे, "फुलं हायेत. पाह्यची असन तर या." हे ताईच्या कानावर जायचं आणि ताई अमरावतीहून फोनवर माझ्याशी भांडायची, कारण बाबांशी भांडता येत नाही.

सहाव्या वर्षीच्या जूनमध्ये बाबांनी पोळ्यानंतरचा दिवस ठरवून जेसीबीवाल्याला सांगून टाकलं. झाडं काढायची. भाऊजींना हे कळलं आणि ते पुढच्याच शनिवारी ताईला घेऊन आले. सोबत एक लाकडी पेटी. आत कॉलेजनं मोडीत काढलेलं, त्यांनी स्वतः दुरुस्त केलेलं, आरशावर चालणारं सूक्ष्मदर्शक. ओसरीवर उजेडात ते मांडलं आणि मला म्हणाले, "कॅरमची पावडर हाये काय?"

मला वाटलं, माणूस हरलाय, मन रमवायला डाव मांडतोय. मी डबा आणून दिला. त्यांनी चहाच्या कपात साखरेचं पाणी केलं, त्यात ती बोरिकची पावडर चिमटीच्या टोकाएवढी टाकली. परागाला फुटायला ती लागते म्हणे. आमच्या घरात ती सोंगट्या सरकायला लागते एवढंच ठाऊक होतं. दारातल्या सदाफुलीचा पराग त्या थेंबात झटकला, काच ठेवली आणि बाबांना म्हणाले, "मामाजी, जरा पाह्यता?"

बाबा जावयाचा मान राखायला म्हणून उठले. एक डोळा मिटला, दुसरा लावला. पहिली दहा मिनिटं ते आपल्याच पापण्या पाहत होते. मग हात मागं करून मला खूण केली, की खुर्ची आण. अर्धा तास झाला, पाऊण झाला. आईनं जेवायला हाक मारली, त्यांनी हातानंच थांबवली.

"चाल्ला," बाबा म्हणाले. आवाज एकदम लहान झाला होता. "दाण्यातून काईतरी भाहेर निंगून चाल्लं ना बे. कोंब फुटल्यासारखं." आणि जरा वेळानं, डोळा न काढता, "याले रस्ता कोन सांगते?"

"फूल आतून काईतरी सोडते म्हंतात. वासासारखं. त्या मागं मागं जाते," भाऊजी म्हणाले. "पुस्तकात हाये सारं. मले तरी दरवेळी नवलच वाटते."

त्या दिवशी बाबांनी जेवताना स्वतःहून विचारलं, की मग आपल्या झाडाला फळ का नाही. भाऊजी याचीच वाट पाहत होते. भाकरी राहिली बाजूला. सीताफळाचं फूल आज बाई असतं आणि उद्या बुवा, असं त्यांनी सांगितलं. जरासं उघडलेलं असतं तेव्हा त्याला पराग हवा असतो, आणि स्वतःचा पराग सुटतो तोवर ती वेळ निघून गेलेली. कालचं फूल आणि आजचं फूल यांची गाठ घालून द्यायचं काम बारके भुंगेरे करतात, ते आपल्याकडे उरले नाहीत. "म्हून मधात आपन. सकायी साडेपाच ते आठ. कालच्या फुलाचा पराग डबीत झाडायचा, आजच्या फुलात ब्रशनं फिरवायचा. वेळ चुकली तर मंग काईच नाई. पन माही वेळ कवा चुकत नाई, मामाजी."

बाबांनी विचार केला. ते अवघड माणूस, पण अडाणी नव्हे. म्हणाले, जवाईच्या हातात कसब असेल, पण जवाई रोज थोडाच येणार आहे. तेव्हा विहिरीकडची एक ओळ घरच्या माणसानं करायची. फुलांना लाल दोरा बांधायचा. त्यातली निम्मी जरी टिकली तर झाडं राहतील. नाही टिकली तर पोळ्यापर्यंतही थांबायचं नाही. "अन् हे करन कोन?" असं म्हणून त्यांनी सगळीकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. आयुष्यात पहिल्यांदा मी निवडून आलो होतो.

रविवारी भाऊजींनी मला शिकवलं. अकोल्याचं दुकान मी हंगामापुरतं बंद ठेवलं; ब्रश तिथलेच, शाळेतल्या पोरांच्या चित्रकलेचे. ताईनं पराग झाडायला एक छोटी स्टीलची डबी दिली. भाऊजी रात्रीच्या गाडीनं गेले, कारण सोमवारी कॉलेजात प्रॅक्टिकल होतं. आणि सोमवारी पहाटे विहिरीत वाकून पाणी किती आलंय हे पाहताना माझ्या वरच्या खिशातून ती स्टीलची डबी बुडूक करून गेली.

आता पुढचं लिहायला मला पन्नाशीतही लाज वाटते. माझ्या पँटच्या खिशात दुसरी एक डबी होती. चुन्याची. मी तंबाखू खातो हे बाबांना ठाऊक नव्हतं, म्हणजे ठाऊक नाही असं मी धरून चाललो होतो. उजाडत होतं, वेळ चालली होती, आणि वेळ चुकली तर काहीच नाही हे कानात घुमत होतं. मी डबीतला चुना बोटानं काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि तिच्यात पराग झाडला. सकाळी पराग, संध्याकाळी चुना, असे चार दिवस मी ती डबी दोन्ही खात्यांत चालवली. वर रोज भाऊजींना फोन करून छाती फुगवून सांगत होतो, आज इतकी फुलं झाली, आज तितकी.

पुढच्या रविवारी भाऊजी आले तेव्हा विहिरीकडच्या ओळीखाली लाल दोऱ्यांचा सडा पडला होता. दोऱ्यासकट फुलं गळालेली. वर एकही टिकलं नव्हतं. बाबा जाऊन ओसरीवर बसले. भाऊजींनी मला विचारलं, उरलेला पराग आहे का. मी डबी दिली. त्यांनी तिच्यातलं जरासं साखरपाण्यात टाकलं, काचेखाली धरलं, आणि पाहिलं; एकाही दाण्याला कोंब फुटत नव्हता. मग डबी नाकापाशी नेली. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य वासात गेलं, त्याला हा वास ओळखायला किती वेळ लागणार. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. डाव्या तळव्यावर मध्यभागी तंबाखू मळून पडलेला पिवळा डाग होता. मी मूठ मिटली.

भाऊजी उठून बाबांकडे गेले. मी खांबामागं उभा.

"मामाजी, माह्याकडूनच चुकलं," ते म्हणाले. "मी याईले सांगतली थे वेळच बराबर नोती."

बाबांनी वर पाहिलं. "तुमची वेळ तं कवा चुकत नाई म्हने."

"ह्या खेपेस चुकली."

ताई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. या माणसाकडे जगात मिरवायला एकच गोष्ट होती, आणि ती त्यानं सासऱ्यासमोर माझ्या डबीपायी काढून ठेवली. त्यांनी आठ दिवस मागितले. बाबांनी ते दिले, ताईकडे पाहून. मी खांबामागून बाहेर येऊन बोलायला हवं होतं. मी आतल्या खोलीत जाऊन पंखा लावला.

भाऊजींनी कॉलेजात रजा टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला उठवलं, हातात आईची कुंकवाची रिकामी डबी दिली. गरम पाण्यानं धुऊन, वाळवून, पुसून. "ह्या डबीत फक्त पराग, साळेबुवा," एवढंच म्हणाले. चुन्याचा विषय त्यांनी त्या दिवशीही काढला नाही आणि नंतरही कधी काढला नाही.

ते आठ दिवस मला आजही सगळ्यांत जवळचे वाटतात. उजाडताना आम्ही चौघं त्या ओळींमधून फिरायचो, भाऊजी, ताई, आई आणि मी. आईनं साडीचा काचा मारलेला. भाऊजी या झाडावरून त्या झाडाकडे जवळजवळ पळायचे. वयाची पन्नाशी ओलांडलेला माणूस पाकळी अलगद दाबून आत डोकावायचा आणि कुजबुजायचा, "हे तयार हाये. हे पाहा कसं चकाकून राह्यलं." ब्रशच्या टोकावर पिवळट भुकटी दिसायची. भाऊजी म्हणायचे, यातल्या एकेका कणात चौघं भाऊ, एकेका भावाच्या पोटात पुढचे दोघं. मी एका फुलाला ब्रश लावायचो आणि मनात हिशेब करता करता माझं डोकं गरगरायचं. अख्खं गाव त्या ब्रशवर बसलंय, आणि त्याला घेऊन मी चाललोय, बी.कॉम. नापास. घाईत ब्रश झटकायचो. "दमानं," भाऊजी म्हणायचे. "लगन लावून राह्यले तुमी. अक्षता फेकायच्या नाईत, ठेवायच्या हायेत."

सहाव्या दिवशी पहिल्या दिवसाचे लाल दोरे पाहायला गेलो. पाकळ्या गळून गेल्या होत्या आणि देठाला वाटाण्याहून बारकी, खडबडीत, हिरवी गाठ होती. ती गळाली नव्हती. पलीकडच्या फांदीवर दुसरी. त्याच्यामागं तिसरी. ताई ओरडली ते पार गोठ्यापर्यंत ऐकू गेलं. बाबा अनवाणीच आले. चष्मा विसरले होते, म्हणून बोटांनी चाचपून पाहू लागले. एक झाड, दुसरं, तिसरं. पूर्ण ओळ चाचपून झाल्यावर मला म्हणाले, "तुह्या फोनवरून थ्या जेसीबीवाल्याले फोन लाव." मी लावला. त्यांनी फोन तोंडासमोर आडवा धरला आणि म्हणाले, "येऊ नको, बावा. इकडे पोरं झाले."

दसऱ्यानंतर सीताफळं उतरली तेव्हा बाबा अकोल्याला स्वतः घेऊन गेले. घरोघर वाटली. गावात आता 'जवाईचं बन' हेच नाव, पण म्हणायचा सूर बदलला. फक्त एक गोष्ट राहिली. फळ देताना बाबा सगळ्यांना पूर्ण कहाणी सांगायचे आणि तिच्यात न चुकता यायचं, "पैल्या खेपेस जवाईची वेळ चुकली, पन दुसऱ्या खेपेस जमवलं." ते ऐकलं की भाऊजी हसायचे. मी सीताफळाच्या बिया मोजायचो.

मग भाऊजी निवृत्त झाले. कॉलेजात निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. आम्ही सगळे अमरावतीला गेलो. थोरलाही आला, माझ्याशेजारी बसला आणि गाडीत त्यानं मला अर्धी जागा दिली. बाबा धोतर-टोपीत, मांडीवर फळांची पेटी. प्राध्यापकांची भाषणं झाली. सगळे म्हणाले, कामसू, नम्र, वक्तशीर. मग कुणीतरी बाबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बाबा माइकपाशी गेले, खिशातून एक बी काढली, आधीच चिरून आणलेली. अर्धं सभागृह वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी., आणि आमचे सातवी पास बाबा त्यांना शिकवायला लागले. हे पोरगं, तिळाएवढं. हे सारं पांढरं शिदोरी. "तुमी सारे मोठे झाले. हा मानूस तुमची शिदोरी हाये," ते म्हणाले. इथं त्यांनी थांबायला हवं होतं. पण बाबा खरं बोलणारा माणूस, त्यांना एक बाजू सांगून गप्प बसवत नाही. "अन् वक्तशीर म्हनान तर माह्या समोर त्याची वेळ एकदाच चुकली."

पहिल्या रांगेत भाऊजी हसले. नेहमीसारखंच. आणि मी उभा राहिलो. का राहिलो ते मला आजही सांगता येणार नाही. थोरल्यानं माझा शर्ट ओढला.

"वेळ नोती चुकली, बाबा," मी म्हणालो. माइक नव्हता, तरी फार मोठ्यानं ऐकू गेलं. "डबी माही होती. चुन्याची."

मागच्या बाकांवरची पोरं हसली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी, बहुधा त्याच विषयाच्या, तोंडावर हात नेला आणि त्या हळूच म्हणाल्या, "अगंबाई, चुन्यात पराग." बाबा माझ्याकडे पाहत राहिले. पन्नाशीला टेकलेल्या मुलाला तिथंच चापट बसते की काय, असं वाटलं. मग ते सावकाश भाऊजींकडे वळले. नंतर माइक सोडून खाली उतरले, भाऊजींपाशी गेले आणि त्यांचा उजवा हात हातात घेतला. आमच्यात सासरा जावयाच्या पायाला हात लावतो, तो लग्नात, रीत म्हणून. त्या दिवशी बाबांनी तो लालसर अंगठा दोन्ही हातांत धरून ठेवला, आणि सोडायचं विसरून गेले.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्यापुढं तळवा पसरला. "आन थे डबी." ती अजून खिशातच होती, मी दिली. भाऊजी शेजारीच होते. "एवढा उशीर केला, साळेबुवा?" ते म्हणाले, आणि मग, "बरं वाटलं पन."

त्यानंतर चारच हंगाम भाऊजी बनात होते. गेले त्याला आता दुसरं वर्ष. ताईनं त्यांची ती छोटी बाटली देवघराच्या फळीवर ठेवली आहे. बूच घट्ट आहे, तरी जवळ गेलं की वास येतो. बाबा त्र्याऐंशीचे आहेत, नजर अधू झालीये, पण जूनच्या अखेरीला मला अकोल्याहून बोलावून घेतात. या खेपेला त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक डबी काढून माझ्या हातावर ठेवली. माझीच. इतकी घासलेली, की आतला पत्रा आरशासारखा झाला होता. तिच्यात मला माझी पांढरी दाढी दिसली.

सकाळी बाजेवर उठून बसले आणि अंधारात विचारलं, किती वाजले. मी फोन पाहून सांगितलं, साडेपाचला पाच कमी.

"मंग चाल बे," बाबा चपला शोधत म्हणाले. "जवाईची वेळ झाली."